मिठावरचं तळं

"सर, तळ्यात चौथरा निघालाय," श्रीमंत फोनवर म्हणाला, आणि रेवणसिद्धचा दाढीचा ब्रश गालावरच थांबला. लातुरात त्या उन्हाळ्यात दाढी ही चैनच होती म्हणा. तांब्याभर पाण्यात दाढी उरकायची, त्यातच तोंड पुसून घ्यायचं आणि उरलेलं संडासात ओतायचं, असा घरात दंडक होता. नळ कोरडे पडून इतके दिवस झाले होते की लोकांनी मोजणं सोडून दिलं होतं. रेल्वेनं पाणी यायला लागलं तेव्हा मात्र अर्धं गाव त्या वाघिणी बघायला स्टेशनावर जाऊन आलं होतं. श्रीमंत हा मोटार कंपनीच्या आवाराचा मॅनेजर, मूळचा जळकोटचा, मनानं मोकळा माणूस. "घडीव दगडाचा हाय," तो म्हणाला, "तुमच्या नकाशात कुठंच न्हाई. तळं बुजवून तिथं गाड्या लावायचं ठरलंय ना, तर पुण्याचे साहेब विचारायलेत, जेसीबी लावायच्या आधी ह्याचं काय करायचं. सगळं आवार तुम्हीच बांधलेलं, म्हणलं तुम्हालाच म्हाईत असंल." रेवणसिद्ध म्हणाला, "येतो उद्या," आणि फोन ठेवला. खरं सांगायचं तर सांगण्यासारखं एवढंच होतं, की अरे बाबा, तो चौथरा नाही, माझे वडील आहेत ते. पण असं कुणी सांगतं का हो फोनवर, एका गालाला साबण लावून? साबण वाळत गेला. आरशातला माणूस साठी उलटलेला, नामांकित, लोक वाट सोडून नमस्कार करणार असा, आणि आत्ता तो शाळा चुकवलेल्या पोरासारखा स्वतःकडं बघत होता.

आतल्या खोलीत अव्वा खोकली. अव्वा म्हणजे त्याची आई, रत्नम्मा. पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली, अंगानं चिपाडासारखी वाळलेली, पण डोळे असे की समोरच्यानं खोटं बोलायला घेतलं की जीभ अडखळावी. डॉक्टरनं मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं, काळीज थकलंय, आता जपा. सिंधु, रेवणसिद्धची बायको, वाटीचमचा घेऊन आत गेली आणि तिनं अव्वाला पाणी पाजल्याचा आवाज त्याला न्हाणीपर्यंत ऐकू आला. हा आवाज तो गेली तीसेक वर्षं असाच दुसऱ्या खोलीतून ऐकत आला होता. कारण ज्या दिवशी कंपनीच्या त्या तळ्यात पाणी सोडलं, त्या दिवसापासून अव्वानं त्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. भाकर घ्यायची. लुगडं आणलं तर नेसायची. औषधाची गोळी त्याच्या तळहातावरून उचलायची, आणि पाण्यासाठी सिंधुला हाक मारायची. भांडण म्हणाल तर नाही, अबोला म्हणाल तर तोही नाही. एकदा दवाखान्यात ती तापानं फणफणलेली, ओठांना भेगा पडलेल्या, खोलीत दुसरं कुणी नाही. त्यानं पेला पुढं केला, तर तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि नर्स येईपर्यंत तशीच पडून राहिली. तो पेला हातात धरून उभा होता, आणि बाहेर व्हरांड्यात कुणीतरी हसत होतं, एवढं त्याला आजही आठवतं. आणखी एक गोष्ट तिनं त्या दिवसापासून सोडली होती. तिचं माहेर बिदरकडचं, बोली कानडी. सासरी सगळ्यांशी मराठी, पण अगदी जवळच्याशी, म्हणजे नवऱ्याशी, म्हशीशी आणि रेवणशी, ती कानडीत बोलायची. लहानपणी त्याचा ताप उतरायचा तो कानडीत उतरायचा. तळं भरलं आणि तिनं त्याला मराठी माणसांत ढकलून दिलं. आता त्याला दुसरं काही नको होतं. घर झालं, नाव झालं, पोरं मार्गी लागली. आई जाताना तिच्या तोंडात शेवटचं पाणी मुलाच्या हातचं पडावं, एवढंच एक मागणं उरलं होतं, आणि ते तिला मागायची त्याची हिंमत नव्हती.

तो ओसरीवर येऊन बसला. चहा आला, गेला. भिंतीवर आवाराचा जुना फोटो होता, वरून काढलेला: मधोमध चौकोनी तळं, एका टोकाला पांढरा घुमट, दुसऱ्या टोकाला पाण्याची उंच टाकी, आणि चारी बाजूंनी लांबच लांब, बसक्या, सपाट छपरांच्या इमारती. लोक हा फोटो बघून म्हणायचे, हे आपल्या चाकूरजवळचं वाटतच नाही. हे ऐकलं की त्याला पूर्वी बरं वाटायचं. जिल्हा नवा झाला त्या सालातली ती गोष्ट. लातूर उस्मानाबादेतून फुटून निघालं, पाट्यांवरचं जुनं नाव खरवडून वर नवा रंग मारला तरी खालची अक्षरं उन्हात दिसायचीच. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत भरायच्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, आता आपला जिल्हा, आता कारखाने येणार. कारखाना आला नाही, पण ही कंपनी आली. मोटारी बांधायला नव्हे, मोटारींचा विचार करायला. कंपनीचे मालक माळावर उभे राहून चौफेर बघत म्हणाले होते, पुण्याच्या कारखान्याच्या गोंगाटात माझ्या इंजिनिअरांना डोकं चालवता येत नाही, त्यांना असं काही तरी पाहिजे. असं म्हणजे कसं, तर ऐकू न येणारं. माळ तर होताच तसा. वाऱ्याशिवाय तिथं कुणी बोलत नव्हतं.

पुण्याच्या ज्या ऑफिसाला काम मिळालं तिथं रेवणसिद्ध नोकरीला होता, आणि लातूरकडचा म्हणून थोरल्या साहेबांनी त्यालाच पुढं घातलं. थोरले साहेब म्हणजे ऑफिसचे मालक, मोठे आर्किटेक्ट, कमी बोलणारे. त्यांनी टेबलावर कागद पसरला तेव्हा त्याला दिसलं की ही सगळी जमीन आपल्या ओळखीची आहे. इथं ओढा, इथं लिंबाचं झाड, आणि इथं, जिथं साहेबांनी भल्यामोठ्या घुमटाचं वर्तुळ काढलंय, तिथं माळाबरोबर कंपनीनं घेतलेल्या आपल्या वावराचा वरचा कोपरा. वडिलांचा कोपरा. घुमटात काय होणार, हे साहेबांनी समजावून सांगितलं. नवी मोटार लोखंडाची करायच्या आधी ती मातीची करतात. खऱ्या मापाची, अख्खी, ओल्या चिकणमातीत कोरून काढलेली. मग ती मधोमध ठेवायची, आणि तिच्यावर सगळीकडून सारखा उजेड पडेल, कुठंही सावली पडणार नाही, अशी जागा पाहिजे. म्हणून घुमट. हे त्यानं घरी अव्वाला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून खो खो हसली होती. "आरं, पोळ्याला आपण मातीचे बैल करतो तसं? एवढाल्या शिकल्याल्या मानसांनी? मंग त्याला पुरनपोळी बी दावतेत का?" तेव्हा ती हसायची.

आता इथं मागं जाणं भाग आहे, कारण रेवणसिद्धचं मनही दरवेळी इथूनच मागं जायचं. बहात्तरचा दुष्काळ. त्याचे वडील सिद्रामप्पा, अप्पा म्हणायचा तो त्यांना, घरचं वावर असलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. पण त्या साली खडी फोडायला कोण गेलं नाही? डोक्याला फडकं गुंडाळून, ओळखीच्यानं ओळखू नये म्हणून तोंड खाली घालून अप्पा कामावर जायचे. एके दिवशी दुपारी कामावरचा पिंप रिकामा झाला. अप्पांनी पाणी मागितलं. अव्वा घागर घेऊन टँकरच्या रांगेत गेली. रांग मोठी होती, भांडणं झाली, आणि ती भरली घागर घेऊन आली तेव्हा लोकांनी अप्पांना लिंबाखाली आडवं केलेलं होतं. तिनं तरीही त्यांच्या तोंडात पाणी घातलं. ते गालावरून ओघळून मातीत गेलं. रेवणसिद्ध तेव्हा हैदराबादेत शिकत होता. तार मिळून तो पोचला तेव्हा वावराच्या वरच्या कोपऱ्यात खड्डा खणून तयार होता. लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, मातीत बसवतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन, पूजेला बसल्यासारखा. आणि मग मीठ. पोत्यानं मीठ ओततात भोवती, विभूती घालतात, म्हणजे माणूस बसल्या जागी ताठ राहतो, कलंडत नाही. गावात त्या साली दाणा मिळत नव्हता, पण मीठ मिळालं. कुणी शेर, कुणी पायली, घराघरांतून आलं. मीठ पडतानाचा तो आवाज, खसखस, खसखस, आणि अप्पांच्या छातीपर्यंत चढत गेलेला तो पांढरा ढीग. वर माती, मातीवर घडीव दगडाचा लहानसा चौथरा. अव्वा दर सोमवारी जाऊन त्यावर बेलाचं पान ठेवायची.

तर त्या चौथऱ्यावर घुमट येणार होता. घुमटाचा पाया म्हणजे खोल खणणं आलं, लोखंड आलं, काँक्रीट आलं. रेवणसिद्धच्या डोळ्यांपुढं एकच यायचं, कुदळ मिठाला लागतेय. लिंगायतांच्या गुरूला, जंगमाला विचारलं, तर स्वामी म्हणाले, बसवलेला माणूस उठवायचा नसतो. आता साहेबांना सांगून टाकायचं की नाही, इथं माझे वडील आहेत म्हणून? टाकायचं की! पण ऑफिसात तो धोतरवाल्या शेतकऱ्याचा पोरगा आहे हे विसरायला लावण्यात त्याची चार-पाच वर्षं गेली होती, आणि कागदावरच्या इतक्या सुंदर रेघेआड आपल्या घरचं मढं आणायला त्याला लाज वाटली. त्यानं दुसरं केलं. ओढ्याचा उतार दाखवला, माळावरचा वारा दाखवला, आणि घुमट अन् तळं यांची अदलाबदल केली तर काम कसं सोपं होईल हे साहेबांच्या गळी उतरवलं. खोटं काही नव्हतं त्यात, उतार होताच. साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, छान. नावाजलं गेलं ते पुढं हेच. लोक यायचे, फोटो काढायचे, पाण्यात घुमट कसा उलटा दिसतो बघा म्हणायचे. आणि रेवणसिद्ध मनाशी म्हणायचा, माझ्या बापाच्या डोक्यावर कुणाची टाच पडणार नाही. कुणी तिथं भिंत घालणार नाही, गाडी उभी करणार नाही. वर पाणी राहील, नितळ, वर्षभर. पाण्यावाचून गेला ना तो? मग घे म्हणावं आता पाहिजे तेवढं. तळ्याला काळ्या मातीचं अस्तर दिलं तेव्हा गवंड्यांना त्यानं सांगितलं, चौथऱ्याला हात लावू नका, राहू द्या तसाच. हे सगळं त्यानं रडू दाबत केलं होतं. कुणाला दाखवायला नव्हे, बापासाठी.

काम सुरू झाल्यापासून आवारात कुणाला सोडत नव्हते. उद्घाटनालाच त्यानं अव्वाला नेलं. तिला वाटलं होतं चौथऱ्याभोवती कुंपण घातलं असेल, एखादं झाड लावलं असेल. ती तळ्याच्या काठावर येऊन उभी राहिली. इमारतींच्या शेवटच्या भिंतींना त्यानं रंगीत चकचकीत विटा लावल्या होत्या. एका भिंतीला तुरीच्या फुलाचा पिवळा, एका भिंतीला करडईचा भगवा, एकीला जवसाचा निळा. हे रंग त्यानंच निवडले होते आणि कुठून आणले ते साहेबांना कधी सांगितलं नव्हतं. अव्वा ओळखेल असं त्याला वाटलं होतं. तिनं भिंतींकडं बघितलंच नाही. "त्यो कुठंय?" तिनं विचारलं. त्यानं पाण्याकडं बोट दाखवलं आणि हळू आवाजात सगळं समजावून सांगितलं. टाच, पाया, उतार. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मिठात बसवल्याल्या मानसावर पानी सोडलास, रेवण?" बस्स. त्याला जे वाटलं ते कुठल्या शब्दांत सांगावं! मीठ पाण्यात विरघळतं हे सांगायला कॉलेज लागत नाही. कुणाही लिंगायताच्या पोराला कळेल, आणि कळलं पाहिजे. पण त्याला तहान आठवली, मीठ आठवलं नाही. त्यानं तळ्याची खोली काढली, पाझर काढला, काठावर माणूस उभा राहिला तर त्याचं प्रतिबिंब कुठं पडेल तेही काढलं. आणि खाली बाप कशाच्या आधारानं बसलाय एवढंच तेवढं राहून गेलं. अव्वा मग घुमटाकडं बघत म्हणाली, "आमच्या बिदरात घुमट मेलेल्या राजाला बांधतेत. हितं मातीच्या मोटारीला बांधलाव, आन् माझ्या मानसाला पान्यात कलंडून दिलाव." एक पोऱ्या सरबताचे पेले घेऊन आला. रेवणसिद्धनं एक उचलून तिच्यापुढं धरला. तिनं तो घेतला नाही. तेव्हापासूनचं हे.

संध्याकाळी तो तिच्या खाटेजवळ जाऊन बसला. सिंधु दाराशी उभी राहिली. काय बोलावं ह्याची त्यानं दिवसभर जुळवाजुळव केली होती आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "अव्वा, तळं आटलंय," तो म्हणाला. "चौथरा उघडा पडलाय. आता ते तळं बुजवणार हायत. वर गाड्या उभ्या करणार." ती छताकडं बघत होती. मग म्हणाली, "मला न्हे." सिंधुनं पटकन मध्ये तोंड घातलं, "अव्वा, असल्या उन्हात? डॉक्टर काय म्हणलेत माहीत हाय न्हाई का?" "डागतर मरत न्हाई, मी मरायले," म्हातारी म्हणाली, "मला ठरवू दे." "मग मीच येते संगं. वाटेत पाणी कोण दील तुम्हाला?" हे सिंधु बोलून गेली आणि तिचं तिलाच कसंनुसं झालं. रेवणसिद्ध खाली मान घालून चादरीची किनार बघत राहिला. अव्वा म्हणाली, "तू ऱ्हा घरी. एक येळ पानी न्हाई पिलं म्हनून काय व्हतंय? त्याला मागून भेटलं न्हाई, त्यो काय कुनाला बोलला?" तरीही सकाळी सिंधुनं पितळी तांब्या भरून, वर फडकं बांधून गाडीत ठेवला. ठेवताना नवऱ्याकडं बघितलं.

चाकूरकडचा रस्ता. दोन्ही बाजूंची वावरं नुसती भाजून निघालेली, उसाची धाटं उभ्या उभ्या वाळलेली, टँकरमागं टँकर. अव्वा खिडकीच्या काचेला डोकं टेकून होती. गाडीनं धक्का खाल्ला की तिचं डोकं काचेवर आपटायचं आणि रेवणसिद्ध आणखी हळू चालवायचा. ही त्याला आयुष्यभर जमलेली एकच सेवा होती, हळू चालवणं. आपण तिला कशाला नेतोय, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तिथं जाऊन ती काय बघणार? खड्डा. फार तर म्हणेल, बघ, गेला वाहून. तेवढं ऐकायला आपण तीस वर्षं थांबलो का? त्याला वाटलं, गाडी वळवावी. चौथरा जेसीबीनं उचलला काय अन् राहिला काय, कंपनीत कुणाला काय पडलंय? पण वळवली नाही.

आवारात पूर्वीची वर्दळ नव्हती. मोटारी आता कॉम्प्युटरवर कोरतात. घुमटातली माती कधीचीच वाळून गेली होती आणि तिथं वर्षातून एकदा कामगारांच्या पोरांचं स्नेहसंमेलन भरायचं. पिवळ्या भिंतीच्या विटा पडल्या होत्या, त्या जागी साध्या सिमेंटनं लिंपलं होतं. आणि तळं. आरशासारखं म्हणायचे ज्याला, ते एक भलंमोठं भेगाळलेलं कातडं होऊन पडलं होतं. वर पांढरा थर, इकडून तिकडं, उन्हात डोळे दिपवणारा. आणि त्यात एकटाच काळा चौथरा. श्रीमंत पुढं आला, अव्वाला वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "सर, काय हाय हो हे? एखादं जुनं मंदिर-बिंदिर?" रेवणसिद्धनं आईकडं बघितलं. ती बघत नव्हती. "माझे वडील हायत तिथं," तो म्हणाला. "सिद्रामप्पा. बहात्तर साली बसवलंय त्यांना. त्यांच्यावर मी हे तळं केलं." एवढं सोपं होतं ते वाक्य. एवढ्यासाठी घुमट इकडचा तिकडं झाला होता. श्रीमंत काठावर बसला, त्यानं बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, आणि कुणी न सांगता एक प्लास्टिकची खुर्ची आणायला गेला.

खुर्चीवर बसवून दोघांनी अव्वाला खाली उतरवलं. पुढं ती म्हणाली, "सोडा मला." ती चालत निघाली, एक हात रेवणच्या खांद्यावर, अनवाणी, तापल्या मातीचे पापुद्रे तिच्या पायाखाली कुडकुड मोडत होते. चौथऱ्याजवळ ती खाली बसली. पदरानं दगडावरची वाळलेलं शेवाळ पुसलं, पुसत राहिली, घरात पाहुणे येणार असले की करते तशी. मग तिनं चौथऱ्याच्या कडेची माती चिमटीत धरली, आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेवर ठेवली. "उप्पु," ती पुटपुटली. उप्पु म्हणजे मीठ. तिचं माहेरचं मीठ. "हाय. हाय इथंच." तिचा चेहरा असा उजळला की रेवणसिद्धला बघवेना. कारण त्याला माहीत होतं. हे पाणी बोअरचं, जडशीळ क्षाराचं. तीस उन्हाळे ते वाफ होऊन गेलं आणि क्षार मागं ठेवून गेलं. तळ्याच्या कुठल्याही कोपऱ्यातली माती जिभेला लावा, खारटच लागणार. अप्पांचं मीठ पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच कुठल्या कुठं झिरपून गेलं असेल. हे सांगायचं का? नाही सांगायचं. हे एवढं तिला राहू दे, देवा.

पण अव्वा ती अव्वा. ती तशीच सरकत चार हात पुढं गेली आणि तिथली माती तिनं चाखली. थांबली. पुन्हा उठली, रेवणचा हात न धरता, तोल सावरत बरीच लांब गेली, पार घुमटाच्या बाजूला, आणि तिथं बसून आणखी एकदा. "हितंबी हाय," ती म्हणाली. रेवणसिद्ध जागच्या जागी उभा होता. आता तिला कळेल. आता कळलंच. मीठ सगळीकडं आहे म्हणजे कुठंच नाही, हे काय त्या म्हातारीला सांगायला पाहिजे? ती पांढऱ्या थरावर हात फिरवत बसून राहिली. वारा सुटला होता, तिचा पदर उडत होता, आणि काठावर श्रीमंत खुर्चीची पाठ धरून उभा होता. रेवणसिद्ध तिच्याजवळ गेला आणि गुडघ्यांवर बसला. साठी उलटलेला माणूस, पण त्याला मार खायला बसल्यासारखंच वाटत होतं. "अव्वा, माझं चुकलं," असं तो म्हणणार होता. तिनं बोलूच दिलं नाही.

"किती वर्सं मांडी घालून बसायचं मानसानं?" ती म्हणाली. ती त्याच्याशी बोलत नव्हती, घुमटाकडं बघून बोलत होती. "आवघडला आसंल. हयातभर एका जागी बसायचा न्हाई कदी, जेवताना बी उटून चकरा मारायचा. लोकांनी बळंच बसवलं त्याला त्या खड्ड्यात." तिनं माती मुठीत घेतली, सोडली. "पाय मोकळं केलं बघ त्यानं. हितून तितवर पसरलाय." मग ती रेवणकडं वळली, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडं नीट बघत म्हणाली, "मी रांगंत हुते. घागर भरून आनीपातुर गेला त्यो. तुला दोस दिला मी, पन पानी तर मीच येळंवर न्हाई न्हेलं." रेवणसिद्धला एवढं माहीत होतं की अव्वाला त्याचा राग आहे. त्या रागाखाली ती रांग तशीच उभी आहे, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यानं नुसता तिचा खरखरीत हात धरला, आणि तिनं सोडवून घेतला नाही.

श्रीमंत धावतच आला. म्हातारीचा चेहरा उतरलाय, ओठ पांढरे पडलेत, असं त्याला काठावरून दिसलं होतं. त्यानं बाटलीचं बूच काढून पुढं केलं. "आज्जी, पाणी घ्या आधी. गार हाय." अव्वानं हातानंच बाटली बाजूला सारली. रेवणसिद्धच्या मनात आलं, झालं, सिंधु नाही, आता ही घरापर्यंत अशीच येणार, आणि वाटेत काही झालं तर? तो घाईनं उठला, गाडीकडं गेला, तांब्या घेऊन आला. द्यायला म्हणून नव्हे, श्रीमंतच्या हातून तरी ती घरचं घेईल म्हणून. त्यानं फडकं सोडलं आणि तांब्या श्रीमंतच्या हातात द्यायला पुढं केला. "त्याला कशाला द्यायलास?" अव्वा म्हणाली. जिभेवरचं मीठ तिनं ओठांवर फिरवलं. आणि मग ज्या बोलीत ती त्याला तापात थोपटायची, ज्या बोलीत तिनं नवऱ्याशी संसार केला, त्या बोलीत तिनं पाणी मागितलं, "नीरु कोडु, रेवण्णा."

त्यानं तांब्या तिच्यापुढं धरला. तिनं तांब्या हातात घेतला नाही, तोंड वर करून नुसतं उघडलं, आणि तो धार धरत गेला. थोडं तोंडात पडलं, थोडं हनुवटीवरून गळ्याकडं ओघळलं. ती घोट घोट करत पीत होती आणि घशाचं हाड वरखाली होताना तो अगदी जवळून बघत होता. तहान भागल्यावर तिनं हात वर केला. तळाशी थोडं उरलं होतं. दुष्काळातलं पाणी, सिंधुनं मापून भरलेलं. अव्वानं चौथऱ्याकडं हनुवटी केली.

"ते त्याला दे," ती म्हणाली.